सोलाचं पाणी आणि शिट्टीचं थर्मामीटर

लोक मला सांगतात, सोडून दे आता, झालं ते गेलं. गेलं कुठं? माझ्या आईचे कान गेले, ते परत आले नाहीत. मग मीच का सोडून देऊ? ज्या डॉक्टरवर माझा राग आहे तो आता म्हातारा झाला असेल, कुठल्यातरी शहरात नातवंडांना खेळवत असेल. त्याचं भलं होवो असं माझ्या तोंडून अजून निघत नाही. वाईट होवो असंही मी म्हणत नाही, कारण ते काम मी एकदा माझ्या हातानं करून घेतलं आहे.

आमचं गाव कॅसलरॉकच्या स्टेशनापासून आत, जंगलात. चार घरं इकडे, चार तिकडे, मध्ये भाताची खाचरं. सरकारी दवाखाना रामनगरच्या बाजूला, मोठ्या रस्त्यावर. तिथं जायचं म्हणजे सकाळी भाकरी बांधून निघायचं आणि जंगल उतरून ओढ्यापाशी यायचं. ओढा ओलांडला की दवाखान्याची कौलं दिसायची.

त्या ओढ्यावर सगळेच थांबायचे. आमच्याकडे दवाखान्यात जाणं हे देवळात जाण्यासारखंच होतं. पायाला चिखल, तोंडाला शिळी चव, अशा अवस्थेत डॉक्टरसमोर उभं राहायचं नाही. पाय धुवायचे, खळखळून चूळ भरायची आणि मग घरून आणलेली सोलं ओढ्याच्या गार पाण्यात कुस्करून ते पाणी प्यायचं. सोलं म्हणजे कोकमाची वाळवलेली सालं, आमच्या घरोघरी मडकं भरून असतात. तापात तर ते हवंच, आतली आग विझते म्हणून. औषध पोटात जायच्या आधी तोंड स्वच्छ आणि पोट निवलेलं पाहिजे, असा आमच्या लोकांचा समज. ओळीत बसल्यावरही तांब्या फिरत राहायचा, आणि नाव पुकारलं की आजारी माणसाला शेवटचा घोट पाजूनच आत पाठवायचं.

या रिवाजानं कधी कुणाचं वाईट झालं नव्हतं. आधीचे डॉक्टर वयस्कर होते. ते पहिल्यांदा गालाला हाताची मागची बाजू लावायचे. मग काचेचं थर्मामीटर काखेत खोचायचे आणि ते तिथं असेपर्यंत भात पोटरीला आला का, गव्यांनी शेत तुडवलं का, असं काहीबाही विचारत बसायचे. ते रिटायर होऊन गेले आणि त्यांच्या जागी हा आला.

हा तरुण होता, तिकडे पठारावरचा, कन्नड बोलणारा. मराठी त्याला मोडकीतोडकी यायची. आपल्याला या जंगलात टाकलं याचा राग त्याच्या चेहऱ्यावर पहिल्या दिवसापासून होता. तो आला त्याच सुमाराला वरून एक पेटी आली. तिच्यात आकडे उजळणारं बीपीचं यंत्र होतं, आणि एक बारीक, पांढरं, प्लॅस्टिकचं थर्मामीटर होतं. ते जिभेखाली धरायचं. काम झालं की ते बारीक शिट्टी वाजवायचं आणि त्याच्या छोट्या खिडकीत आकडा दिसायचा. ‘डिजिटल’ हा शब्द आमच्या भागात त्या पेटीबरोबर आला.

खरं सांगते, लोकांना ती पेटी आवडली. मलासुद्धा आवडली होती. आतून शिट्टी आली की बाहेरची ओळ गप्प व्हायची. घरी गेलेल्या माणसाला शेजारी पहिलं हेच विचारायचे, शिट्टी झाली काय. दिग्गीकडून आलेल्या एका म्हाताऱ्यानं तर बीपीचा पट्टा दोन्ही दंडांना बांधून घेतला, एकाच हाताचं बघितलं तर दुसऱ्याला वाईट वाटेल म्हणून. डॉक्टर हसला होता त्या दिवशी. तो हसल्याचं मला आठवतं ते दोनदाच. दुसऱ्यांदा तो माझ्या आईला हसला.

त्या वर्षी लावणी संपता संपता आईला ताप येऊ लागला. एक दिवस ठीक असायची, दुसऱ्या दिवशी दुपारी थंडी भरायची. अशी थंडी, की बाज खडखडायची. वर दोन कांबळी टाकून मी तिच्यावर आडवी पडायचे, तरी ती माझ्यासकट हलायची. मग ताप चढायचा, मग घाम, आणि संध्याकाळी ती उठून चूल पेटवायची. बाबा सुप्याच्या धरणावर मजुरी करून आलेले, तिकडे त्यांनी हा ताप बघितलेला. ते म्हणाले, हिला दवाखान्यात ने, उशीर करू नको. थंडीची पाळी होती त्याच दिवशी मी तिला घेऊन निघाले.

ओढ्यावर तिनं पाय धुतले, चूळ भरली. ओळीत बसल्यावर अंग भट्टीगत तापलं आणि तिला तहान आवरेना. मी तांब्या भरून सोलाचं पाणी दिलं, ती प्यायली. नाव पुकारलं, आणखी एक घोट प्यायली आणि आत गेली. मी तिला धरून होते.

डॉक्टरनं मान वर न करता थर्मामीटर तिच्या तोंडात दिलं. शिट्टी झाली. त्यानं आकडा बघितला आणि म्हणाला, ज्वर इल्ल. ताप नाही.

आई म्हणाली, “हाय वो डाक्टर. आतनं भाजतंय. जरा हात लावून बघा.”

त्यानं हात लावला नाही. थर्मामीटरची खिडकी तिच्या डोळ्यांसमोर धरली, जणू तिला वाचता येत होतं, आणि म्हणाला, “यंत्र सुळ्ळु हेळल्ल.” यंत्र खोटं बोलत नाही. मग त्यानं उघड्या दारातून बाहेरच्या ओळीकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं आपल्या मोडक्या मराठीत म्हणाला, “यंत्र खोटा बोलत नाही. बायका बोलतात. शेतात काम आला की ह्यांना ताप येतो.” आणि हसला.

ओळीतले काही जण हसले. मी त्यांनाही विसरलेले नाही.

माझी आई कशी बाई होती ते इथं सांगायलाच पाहिजे. चिखलात सगळ्यात आधी उतरायची आणि सगळ्यात शेवटी बाहेर यायची. दुसऱ्याच्या शेतात लावणीला गेली तरी रोपं मोजूनमापून, नीट लावायची. तिला कामचुकार म्हणणारा माणूस त्या मुलखात जन्मला नव्हता, त्याला पठारावरून यावं लागलं. तिनं पदर सारखा केला आणि त्यानं पुढं सरकवलेली पांढऱ्या गोळ्यांची पुडी घेतली. वाटेत एका बांधावर तिचं अंग इतकं भाजू लागलं की खाली बसावं लागलं. तिथं तिनं ती पुडी वाहत्या पाटात टाकून दिली. दुसऱ्या दिवशी ती शेतात गेली.

त्यानंतर ताप रोजच येऊ लागला. बाबा विनवून थकले. मी रडले, भांडले. तिचं एकच. “सगळ्यांदेखत मला खोटी म्हणाला त्यो. मी मरंन, पर त्या दारात जायाची न्हाई.” एका पहाटे ती बाबांना ओळखेना. मला आपली मेलेली बहीण समजून बोलू लागली, पोरी, गाईला वैरण घातलीस काय. तेव्हा आम्ही तिला विचारायचं सोडलं. बांबूला कांबळं बांधून झोळी केली आणि चौघांनी तिला कॅसलरॉकला उचलून नेलं. पाऊस, घोट्यांना जळवा, आणि झोळीत ती बडबडतेय. स्टेशनात पॅसेंजरची वेळ टळून गेली होती. एका मालगाडीच्या गार्डानं झोळीत डोकावून बघितलं, काही न विचारता आपल्या डब्यात जागा दिली आणि लोंढ्यापर्यंत आणलं. तिथून बेळगाव.

बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात मला सगळं कळलं. आई थोडी शुद्धीवर आली, तेव्हा तिथली सिस्टर थर्मामीटर घेऊन आली. तसलंच, पांढरं, शिट्टीचं. आईला नुकतंच मी थंड पाणी पाजलं होतं. सिस्टरनं ग्लास बघितला आणि मला म्हणाली, आत्ता पाणी दिलंस ना, मग थोडा वेळ थांबू, नाहीतर तोंड गार असतं, आकडा खाली दाखवतो. असं सहज म्हणाली, चादर नीट केली आणि दुसऱ्या खाटेकडे गेली.

मी खाटेच्या कडेला बसून राहिले. एवढंच होतं तर. यंत्र खोटं नव्हतं, आईही खोटी नव्हती. फक्त एका माणसानं विचारायला हवं होतं, बाई, आत्ता काही प्यालात का. किंवा विचारायचं नसेल तर हात लावायचा होता. त्यानं दोन्ही केलं नाही, वर हसला. आमच्या लोकांना कुठून ठाऊक, की अंग निववायला प्यालेलं पाणी आपल्यालाच खोटं पाडेल? त्याला मात्र ठाऊक असायला हवं होतं. त्याचाच तो पगार घेत होता. मी तिथं बसून ठरवलं, की याची परतफेड करायची. शिव्या देऊन नाही, अर्ज करून नाही. त्याला त्याच यंत्रानं खोटं पाडायचं.

आई वाचली. कान गेले. तापानं म्हणा की हिवतापावरच्या त्या जालीम इंजेक्शनांनी म्हणा, तिला ऐकू यायचं बंद झालं. आधी कानात रातकिडे ओरडतात म्हणायची, मग तेही थांबले. आमच्या घरी घड्याळ नव्हतं. जंगलापलीकडून गाडीची शिट्टी आली की आई चुलीवर भात टाकायची, ते आमचं घड्याळ. घरी परतल्यावर पहिल्या दिवशी गाडी शिट्टी घालून गेली आणि ती तशीच अंगणात बसून राहिली. मी तिच्या खांद्याला हात लावला, तेव्हा माझा चेहरा बघून तिला कळलं. आत जाऊन तिनं तांदूळ धुवायला घेतले.

पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टरकडे स्वयंपाक करणारी बाई लेकीच्या बाळंतपणाला गेली. मी त्याच दिवशी जाऊन उभी राहिले. बाबा म्हणाले, शरम न्हाई काय गे तुला, त्याच्या घरात राबायला? मी म्हटलं, पोट भरायला पाहिजे. खरं कारण मी कुणालाच सांगितलं नाही. दवाखान्याच्या मागं त्याचं क्वार्टर होतं, दोन खोल्या आणि पडवी. मी कोण, ते त्यानं विचारलं नाही. मी कुणाची मुलगी, हे त्याला ओळखू आलं नाही. मला वाटलं होतं निदान चेहरा आठवेल. तोही राग मी गाठीला बांधला.

सुरुवातीला मी क्षुल्लक सूड घेतले. आमटीत मीठ जास्त टाकलं. भातातले खडे मुद्दाम राहू दिले. एकदा हिरव्या मिरच्यांचा असा ठेचा केला की त्याचे डोळे वाहू लागले, आणि त्यानं डोळे पुसत पुसत तो संपवला व म्हणाला, अक्का, चेन्नागिदे, छान आहे. मला अक्का म्हणायचा तो. कधी आवाज चढवला नाही, ताट कधी ढकललं नाही. याचाच मला जास्त संताप यायचा. माणूस पुरता वाईट असला की सूड घ्यायला बरा पडतो. हा संध्याकाळी पडवीत बसून रेडिओ लावायचा आणि आईच्या आठवणीनं हिरमुसायचा. माझ्याही मनात यायचं, तुला तुझी आई आठवते, मग माझी का आठवत नाही?

माझ्या हातचं एक मात्र त्याला मनापासून आवडलं, सोलाचं पाणी. पठारावर ते त्यानं कधी प्यालं नव्हतं. पडवीतल्या मडक्यात मी ते भरून ठेवायचे आणि तो येता-जाता पेलाभर प्यायचा.

मग पावसाळा सरता सरता त्याला ताप आला.

आमच्या भागात राहून तो यायचाच होता. दुपारी दवाखान्यातून आला, खुर्चीत बसला आणि त्याचे दात वाजू लागले. थोड्या वेळानं चेहरा लाल झाला. तहान लागली म्हणाला. मी पेला दिला. पेला देताना त्याची तापलेली बोटं माझ्या बोटांना लागली, आणि मला वर्षभरापूर्वीची आईची बाज आठवली. पाणी पिऊन त्यानं खिशातलं थर्मामीटर काढून जिभेखाली धरलं. शिट्टी झाली. त्यानं आकडा बघितला, भुवया वर केल्या आणि स्वतःशीच पुटपुटला, नॉर्मल.

मी भांडी घासत होते. माझे हात थांबले. मग मी पुन्हा घासू लागले.

डॉक्टर असून त्याला कळलं कसं नाही, असं मला पुढं अनेकांनी विचारलं. कळत असेल की. पुस्तकात वाचलं असेल, परीक्षेत लिहिलंही असेल. पण त्या खिडकीतला आकडा बघायची त्याला इतकी सवय झाली होती, की आकडा दिसला की पुढचा विचार तिथंच संपायचा. शिवाय स्वतःच्या कपाळाला स्वतः हात लावून ताप कळत नाही, हातही तेवढाच तापलेला असतो. त्याला दुसऱ्याचा हात लागतो. त्या घरात दुसरा हात फक्त माझा होता आणि तो मी लावणार नव्हते.

मी त्याला विष घातलं नाही. त्यानं मागितलं तेच दिलं, फक्त जरा जास्त गार करून दिलं. मडक्याला ओलं फडकं गुंडाळलं, मडकं वाऱ्यावर ठेवलं, पेला कधी रिकामा राहू दिला नाही. थंडी भरली की तो पांघरूण घ्यायचा, ताप चढला की पाणी मागायचा, पाणी पिऊन यंत्र तोंडात धरायचा आणि यंत्र त्याला सांगायचं, तुला काही झालेलं नाही. तो अंगदुखीची गोळी घेऊन पुन्हा दवाखान्यात जाऊन बसायचा. एकदा मला म्हणाला, अक्का, मला वाटतं मला इथं करमत नाही म्हणून असं होतंय. मी म्हटलं, असेल.

एवढ्यात त्याचा वरचा साहेब जीपमधून तपासणीला आला. आमचा डॉक्टर त्या दिवशी तापाच्या पाळीत होता, कांबळं घेऊन खाटेवर पडलेला. बाहेर ओळ ताटकळत होती. त्यानं साहेबाकडे रजा मागितली, ताप आहे, घरी जाऊन येतो. पाहुणा आला की आमच्याकडे आधी पाणी देतात. मी दोघांनाही सोलाच्या पाण्याचे पेले दिले, डॉक्टरनं आपला घटाघटा संपवला. साहेबानं पाणी पिऊन मिशा पुसल्या, उशाचं थर्मामीटर उचललं आणि म्हणाला, बघू.

शिट्टी झाली. साहेबानं आकडा वाचून दाखवला. मग कन्नडमध्ये, मोठ्यानं, म्हणाला की तुम्ही सगळी तरुण पोरं सारखीच, जंगलात पोस्टिंग मिळालं की लगेच आजारी पडता. डॉक्टर उठून बसला, म्हणाला, सर, खरंच ताप आहे, हात लावून बघा. साहेबानं थर्मामीटर त्याच्यासमोर धरलं आणि म्हणाला, मग हे काय खोटं बोलतं का?

खोलीची खिडकी ओळीच्या बाजूला उघडी होती. ओळीतल्या लोकांना कन्नड कळतं. ते हसले. तेच लोक. मी पेले गोळा करून मागच्या दारी गेले आणि कोकमाच्या झाडाखाली बसून पोटभर हसले. इतकं बरं मला वर्षभरात वाटलं नव्हतं.

पण ते सुख टिकलं नाही. पुढच्या पाळीला तो मला तसाच थरथरताना दिसला आणि माझ्या मनात आलं, याला ठाऊकच नाही. हे कुणी केलं, का केलं, कशानं झालं, याला काहीच ठाऊक नाही. तो समजतोय नशीब. मग माझा सूड कसला? ज्याच्यावर घेतला त्याला कळल्याशिवाय तो पुरा होत नाही. शिवाय आई झोळीत बडबडत होती तो टप्पा आता जवळ आला होता, आणि शुद्ध हरपलेल्या माणसाला काय सांगणार? त्याला शुद्धीवर असतानाच सांगायला हवं होतं. म्हणून त्याच्या पुढच्या पाळीचा दिवस मोजून मी बाबांना निरोप धाडला, त्या दिवशी आईला दवाखान्यात घेऊन या. खरं कारण सांगितलं नाही. ती त्या दारात यायची नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून माझीच तब्येत बरी नाही असं कळवलं.

ती आली. दवाखान्यात ओळ लागली होती आणि डॉक्टर टेबलाशी बसून, कांबळं पांघरून, पेशंट बघत होता. लिहिताना त्याचा हात कागदावरून घसरत होता. आई दाराच्या बाहेरच थांबली. उंबरा तिनं ओलांडला नाही. मी पडवीतलं मडकं उचलून आणलं आणि सगळ्यांदेखत टेबलासमोर ओतून टाकलं. लाल पाणी जमिनीवर पसरलं. लोक पाय आखडून बसले.

मी म्हटलं, “डाक्टर, आता काही प्यायचं न्हाई. जरा थांबायचं आणि मग ते तोंडात घालायचं.”

त्याला वाटलं मला वेड लागलं. पण विरोध करायचं त्राण त्याच्यात नव्हतं. तहानेनं तो ओठ चाटत होता आणि मी त्याला पाणी देत नव्हते. बराच वेळ गेल्यावर मीच थर्मामीटर त्याच्या हातात दिलं. शिट्टी झाली. त्यानं खिडकीत बघितलं, यंत्र झटकलं, पुन्हा बघितलं. एकशेचारच्या वर होता. मग त्यानं जमिनीवरच्या लाल पाण्याकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. त्याला सगळं कळलं. ते कळताना मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्या क्षणासाठी मी त्याचं घर झाडलं होतं, त्याची भांडी घासली होती.

“यंत्र खोटं बोलत न्हाई म्हणाला हुता,” मी म्हटलं. “माझ्या आईला. ह्याच ओळीसमोर.”

तो म्हणाला, “यारु? कोण तुझी आई?”

मी दाराकडे बोट केलं. त्यानं तिच्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं आणि तरी त्याला ती आठवली नाही. मला ते त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं. तेव्हा मी त्याला थोडक्यात सगळं सांगितलं, बांध, झोळी, मालगाडी, कान. शेवटी म्हटलं, म्हणा आता, की त्या दिवशी तिला ताप होता.

तो खाली बघून हळूच म्हणाला, “ताप होता.”

आईनं मला खुणेनं विचारलं, काय म्हणतोय. मग तोंडानंही विचारलं, बहिऱ्या माणसाच्या चढ्या आवाजात. “काय म्हणाला गे त्यो?”

“अजून म्हणाला न्हाई,” मी म्हटलं, आणि मान हलवून तिला दाखवलं.

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा, जरा मोठ्यानं म्हणाला, “ह्या बाईंना त्या दिवशी ताप होता.” ओळीतल्या सगळ्यांनी ऐकलं. आई डोळे बारीक करून त्याच्या ओठांकडे बघत होती. तिनं पुन्हा माझ्याकडे बघितलं.

मी पुन्हा मान हलवली. न्हाई.

तिसऱ्यांदा तो टेबल धरून उभा राहिला, अंगावरचं कांबळं खाली पडलं आणि तो ओरडला. आधी मराठीत, मग कन्नडमध्ये. ह्या बाईंना ताप होता, ह्या खरं बोलत होत्या, खोटं मी बोललो. त्याचा आवाज चिरकला. ओळीतलं कुणी हसलं नाही. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून आत बघू लागली. सगळ्या मुलखानं ऐकलं. फक्त जिला ऐकवायचं होतं तिला त्यातला एक शब्द ऐकू आला नाही, आणि कधी येणारही नव्हता. ते मला तिथं, त्या क्षणी कळलं. तो आणखी कितीही वेळा ओरडला असता तरी माझं समाधान होणार नव्हतं.

आई म्हणाली, “आता म्हणाला व्हय?”

मी मान डोलावली. हो.

मग तिनं तो उंबरा ओलांडला. लाल पाण्यातून अनवाणी चालत टेबलापाशी गेली, खाली पडलेलं कांबळं उचललं आणि माझ्या हातात दिलं.

“घाल त्याच्या अंगावर,” ती म्हणाली. “आणि गाडीचं बघायला सांग कुणाला तरी. लई ताप हाय त्याला.”

तिनं त्याला हातही लावला नव्हता.

कांबळं मी घातलं. त्याला बेळगावला नेलं, तो बरा झाला आणि आमच्याकडे परत आला नाही. दुसरा डॉक्टर आला. त्यालाही तसलंच थर्मामीटर मिळालं, आणि ओढ्यावर सोलाचं पाणी पिण्याचा रिवाजही तसाच चालू राहिला. फक्त ओळीतली माणसं आत जाताना स्वतःच सांगू लागली, डाक्टर, आत्ताच पाणी पिलंय, जरा थांबा. बेळगावला नेलेल्या त्या डॉक्टरचे कान शाबूत राहिले असं पुढं कुणाकडून तरी समजलं. ते ऐकून मला बरं वाटलं नाही.